धोंडूच्या आधीची भावंडं

महाराष्ट्रात आज कुणी आपल्या तान्ह्या बाळाचं नाव धोंडू ठेवत नाही. सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत मी शिक्षिका आणि पुढे मुख्याध्यापिका म्हणून नोकरी केली. दर शाळेत एक लोखंडी कपाट असतं, त्यात जनरल रजिस्टरं असतात, आणि कुणी जुना दाखला मागायला आलं की ती उघडावी लागतात. बांधणी सुटलेल्या सर्वांत जुन्या रजिस्टरांत मुलाच्या नावाच्या रकान्यात धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडीराम भेटायचे. मुलींत धोंडूबाई, धोंडाबाई. पुढच्या रजिस्टरात तेच नाव वडिलांच्या जागी सरकलेलं असे. त्यानंतर ते दिसेनासं झालं. मी स्वतः पहिलीत नाव घातलेल्या मुलांत एकही धोंडू नव्हता.

हे नाव ऐकून मुलं हसतात. मोठी माणसंही हसतात. 'टाइमपास' सिनेमातल्या दगडूचं नाव ऐकताच तो कुठल्या वस्तीतला, कसा बोलणारा हे प्रेक्षकाला कळतं, इतका त्या नावाचा शिक्का पक्का झाला आहे. पुलंनी 'असा मी असामी'तल्या मध्यमवर्गीय कारकुनाचं नाव ठेवलं धोंडो भिकाजी जोशी. बापलेकांची ती दोन नावं एकाच भीतीतून आलेली आहेत हे हसणाऱ्याच्या फारसं लक्षात येत नाही. माझे आजोबा धोंडू होते. त्यामुळे ही भीती काय होती ते मला घरातच ऐकायला मिळालं.

पणजीची पहिली तिन्ही मुलं गेली होती. एक पाळण्यातच, एक अंगावर पीत असताना, एक रांगायला लागल्यावर. चौथं झालं तेव्हा ती त्याला घेऊन ओढ्याकाठच्या सटवाईला गेली, शेंदूर लावलेल्या धोंड्यांपुढे तिनं मूल मातीत ठेवलं आणि म्हणाली, "हे माझं नव्हं, तुझ्यातलाच धोंडा हाय." मग त्या धोंड्याला तिनं उचलून घरी आणलं. आजोबांचं नाव धोंडू पडलं ते असं. आजी हे सांगायची तेव्हा तिच्या आवाजात नवल नसे. आमच्या आळीत असे आणखी दोघे-तिघे होते.

यामागचं गणित सरळ आहे. मृत्यूला, दृष्टीला, सटवाईला लाडकं मूल हवं असतं. मग ते लाडकं नाहीच असं दाखवायचं. दगड कोण नेणार? म्हणून धोंडू आणि दगडू. केरात टाकलेलं मूल कोण उचलणार? म्हणून केरू, कचरू, उकिरडा. जन्मल्यावर सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं आणि शेजारणीनं उचलून आणून आईला द्यायचं. मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकून परत घेतलेला तो कोंडू, ती कोंडाबाई. पाच घरची भीक मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घालून वाढवलेला तो भिकू, भिकाजी. मुलगा असून नाक टोचून नथ घातलेला तो नथू. पिराला नवस बोलून झालेला फकीरा. ही शेवटची वाट मोठ्या घरांतही होती: मालोजीराजे भोसल्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावं अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराच्या नवसाची, असं परंपरा सांगते. महाराष्ट्राबाहेरही हीच रीत दिसते. बंगालात तीन कवड्यांना विकत घेतलेला तिनकडी, तामिळनाडूत केरकचऱ्यावरून कुप्पुस्वामी, तेलुगू मुलखात उकिरड्यावरून पेंटय्या.

धोंडूची एक दुसरी वाटही आहे. अधिक महिन्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी तो येतो, त्यात लग्नमुंजी होत नाहीत, जावयाला घरी बोलावून अनारशांचं वाण देतात आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू, धोंडीराम म्हणत. एखाद्या धोंडूची जन्मतिथी सापडली तर जुनं पंचांग काढून पाहावं. तिथी अधिकातली असेल तर नाव महिन्यावरून आलं असण्याचा संभव मोठा. नसेल तर घरात आणखी चौकशी करावी. आजोबा मार्गशीर्षातले होते.

नावात दगड येण्याची मुळं फार खोल आहेत. जातकर्म हा मूल जन्मताच करायचा संस्कार. गृह्यसूत्रांत त्याचा जो मंत्र आहे त्यात बाप मुलाला म्हणतो की तू दगडासारखा हो, परशूसारखा हो, सोन्यासारखा हो. लग्नातही नवरी शिळेवर पाय ठेवते, तिनं शिळेसारखं स्थिर व्हावं म्हणून. आणि मंत्र ज्यांच्या घरी पोचले नाहीत तिथं पाटा-वरवंटा होताच. पाचवीला पाट्या-वरवंट्याची पूजा होते. आमच्याकडे बारशाला वरवंट्याला धुऊन, कुंकू लावून, कुंची घालून आधी पाळण्यात घालतात, बाया पाळण्याच्या दोन्ही बाजूंनी त्याला देतात-घेतात, आणि मग बाळ. मी ते कितीदा तरी पाहिलंय, केलंयही. शहरातल्या हॉलमध्ये थर्माकोलच्या सजावटीखाली होणाऱ्या बारशालाही कुणीतरी म्हातारी आठवणीनं पिशवीतून वरवंटा घेऊन येते. आज धोंडू हे नाव गेलं, पण पाळण्यात पहिला मान अजून धोंड्यालाच आहे. 

आता त्या तीन मुलांकडे येते. ती कशानं गेली हे पणजीला कुणी सांगितलं नव्हतं. 'सटवाईनं नेलं' एवढंच. सटवाई सहाव्या रात्री येते आणि कपाळावर लेख लिहून जाते, ही समजूत सगळ्या महाराष्ट्रात आहे. ज्या मुलांना ती 'नेत' असे त्यांतली पुष्कळ धनुर्वातानं जात, असं माझं मत आहे. पूर्वी नाळ विळ्यानं किंवा दगडानं कापत आणि जखमेवर राख, कधी शेण लावत. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात. नाळेतून ते शिरले की चार-आठ दिवसांत मूल दूध ओढेनासं होतं, दातखीळ बसते, अंग ताठ होऊन जातं. पाचवी-सहावीची सगळी धास्ती, ती रात्र जागवणं, दाराशी दिवा, उशाशी विळा, या दिवसांच्या हिशेबाशी तंतोतंत जुळतं. बायकांनी हा काळ अचूक ओळखला होता. पण त्याचं कारण त्यांच्या हाती नव्हतं. आणि यातली जी गोष्ट मला सर्वांत लागते ती ही की मुलाला वाचवायला म्हणून ज्या उकिरड्यावर ठेवत, धोका तिथल्याच शेणामातीत होता.

याशिवाय देवी, गोवर, पटकी, जुलाब, हिवताप. देवीची पहिली लस हिंदुस्थानात टोचली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, तीन वर्षांच्या मुलीला. पण ती गावोगाव पोचायला शतक गेलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून सगळ्या मुलखात पसरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांतली सुमारे दोनशे पहिला वाढदिवस पाहत नसत. म्हणजे पाचातलं एक. पाच-सात बाळंतपणं झालेल्या बाईच्या वाट्याला एकही मरण येऊ नये हे नशीबच म्हणायचं. अशा काळात धोंडू हे नाव दुर्मीळ असणं शक्यच नव्हतं.

आणि ते एका जातीचं नव्हतं. पेशवाईच्या शेवटाकडे पाहा. 1800 साली कर्नाटकाच्या सरहद्दीवर मराठ्यांचा एक सरदार मारला गेला, त्याचं नाव धोंडोपंत गोखले, बापू गोखल्यांचे चुलते. त्यांना मारणाराही धोंडूच, धोंडिया वाघ. श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा टिपूच्या कैदेतून सुटलेला हा माणूस. टिपूनं त्याला मुसलमान करून नवं नाव दिलं होतं, पण मराठी, कन्नड आणि इंग्रजी कागदांत तो धोंडियाच राहिला. 10 सप्टेंबर 1800 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं त्याला ठार केलं. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. धोंडियाच्या तळावर त्याचा सुमारे चार वर्षांचा मुलगा सापडला, सलाबत खान. त्याला वेलस्लीनं सांभाळलं आणि त्याच्या खर्चासाठी पैसे ठेवले. म्हणजे एका लढाईच्या मोसमात दोन आयांनी बहुधा धोंड्याच्या नावानं मृत्यूपासून लपवलेली दोन मुलं, मोठी होऊन, एकमेकांसमोर उभी राहिली होती. बखरी वाचताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं; नावं शेजारी शेजारी दिसली आणि मी पुस्तक मिटून बसले.

दुसऱ्या बाजीरावाचे दत्तक पुत्र नानासाहेब 1857 च्या इंग्रजी कागदांत धोंडोपंत आहेत. टिळकांना डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे, 'ग्रहसाधनाची कोष्टकं' रचणारे खगोलशास्त्रज्ञ म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे, लोकांचे केरूनाना. पुण्याचा सर्वांत प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवाई. बायकांतही हे नाव थोर झालं: जयपूर-अत्रौली घराण्याच्या, केसरबाईंच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे. जन्म 18 एप्रिल 1858, मृत्यू 9 नोव्हेंबर 1962. एकशे चार वर्षांचं आयुष्य. या नावाकडून आयांनी जे मागितलं ते कर्व्यांच्या वाट्याला पुरेपूर आलं.

तरी सगळ्यांच्या धोंड्याला सारखं मोल नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. ब्राह्मणाघरचा धोंडू मोठा होऊन धोंडोपंत होई, मराठ्यांचा धोंडजी किंवा धोंडीराव, आणि महारवाड्यातला धोंड्या म्हातारा झाला तरी धोंड्याच. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचा नियम आहे: ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलसूचक, वैश्याचं धनसूचक आणि शूद्राचं घृणास्पद. मृत्यूला फसवायला आईनं प्रेमानं घेतलेलं नाव, आणि माणसाला त्याची पायरी दाखवायला समाजानं लादलेलं नाव, हजेरीपटावर अगदी एकसारखं दिसतं. दलित आणि बहुजन घरांतल्या दगडू-कचरूंविषयी बोलताना या दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढे ठेवाव्या लागतात. दया पवारांनी 'बलुतं'त, 1978 साली, त्यासाठी फार मोठी युक्ती केली. त्यांचं खरं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकात दगडू आणि दया पवार एकमेकांसमोर बसतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. शिकलेल्या माणसानं टाकून दिलेलं नाव तिथं बोलू लागतं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' संवादाच्या रूपात लिहिली. उत्तरं जोतीराव देतात, आणि प्रश्न विचारतो तो धोंडी. ज्याला दगड म्हटलं तो विचारतो आहे, हे मला त्या पुस्तकातलं फार मोठं धाडस वाटतं.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर एका पिढीत हजारो घरांतली नावं बदलली. गौतम, राहुल, मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता. जनरल रजिस्टरात हा बदल स्पष्ट दिसतो. वडील धोंडू, मुलगा सिद्धार्थ. त्या एका ओळीत एक मोठा लढा आहे आणि बापाचं नाव टाकून मुलानं काही गमावलं असं मी मुळीच म्हणणार नाही.

इतर घरांत हे नाव सावकाश गेलं. मराठी रिवाजात बापाचं नाव मधे येतं, त्यामुळे धोंडू आणखी एक पिढी एका अक्षरात टिकला: ना. धों. महानोर, र. धों. कर्वे. दुसरं नाव या हकिकतीत विशेष आहे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. शिव्या खाल्ल्या, खटले सोसले. मुलं थोडी व्हावीत, आई धड राहावी, असं सांगणाऱ्या या माणसाच्या नावात धों. होतं. ज्या जगात धोंडू हे नाव ठेवावं लागे ते जग संपवायला ज्यांनी हात लावला त्यांत ते अगदी पुढे होते.

बाकी काम लसीनं, साबणानं, निर्जंतुक पात्यानं आणि गावोगावच्या नर्सबाईंनी केलं. 1971 मध्ये देशातला बालमृत्यूचा दर हजारी 129 होता. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बायकांना धनुर्वाताची सुई मिळू लागली, आणि 2015 मध्ये भारत नवजात बाळांच्या धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रात 2020 साली बालमृत्यूचा दर हजारी 16 होता. आमच्या गावच्या उपकेंद्रातल्या परिचारिका भर पावसात लशीचा डबा खांद्याला लावून वाड्या-वस्त्यांवर जात. सटवाईची भीती कमी झाली ती त्यांच्यामुळे. नामकरणाच्या पुस्तकांना, सिनेमा-मालिकांना मी यातलं थोडंच श्रेय देते. आईला मूल वाचेल अशी खात्री वाटू लागली, आणि मग तिनं नाव सुंदर असावं याचा विचार केला.

एका नावाशी मात्र धोंडूची गल्लत करू नये. आमच्या जिल्ह्यात मुलीवर मुलगी झाली की शेवटचीचं नाव नकोशी, नकुसा ठेवत. 2011 मध्ये जिल्ह्यात शोध घेऊन अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभानं नवी नावं देण्यात आली. त्या नावांच्या याद्या भरताना हात जड व्हायचा. धोंडूची आई मूल हवं असतानाच ते नको आहे असं नाटक करत होती. नकोशीच्या घरात नाटक नव्हतं. वरून दोन्ही नावं हलकीच दिसतात, पण एकात जीव वाचवायची धडपड आहे आणि दुसऱ्यात मुलीच्या तोंडावर केलेला अपमान. पहिलं इतिहासात जपावं, दुसरं पुन्हा कधी रजिस्टरात येऊ नये.

आजोबांच्या आधीच्या तिघांची नावं मला ठाऊक नाहीत. घरातही कुणाला नव्हती. एकाचं तर बारसंच झालं नसणार. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा. त्याआधी खेड्यातल्या पाळण्यात गेलेल्या मुलाची नोंद अनेकदा होतच नसे. छापील कुलवृत्तांतांतही अशी मुलं गाळलेली असतात, किंवा 'अल्पवयात वारले' एवढ्या शब्दांत आटोपलेली असतात. त्यांच्या असण्याचा एकच पुरावा मागे राहिला, तो म्हणजे वाचलेल्या भावाचं नाव धोंडू असणं.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरची वंशावळ काढा. सातबाऱ्याच्या जुन्या फेरफारात, आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, देवळाच्या वर्गणीच्या वहीत धोंडू, दगडू, केरू, भिकू, कोंडाबाई सापडतील. घरातल्या सर्वांत वयस्क आत्याला किंवा काकूला हे नाव का पडलं ते विचारा, आणि उशीर करू नका, कारण हे सांगू शकणाऱ्या बायका आता नव्वदीच्या पुढे आहेत. त्या जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. आणि वंशावळीत त्या धोंडूच्या आधी रिकाम्या चौकटी काढा, जितकी मुलं गेली तितक्या.